बसते, पण टेकत नाही

"बसते, पण टेकत नाही हं," असं म्हणूनच त्या बसायच्या. खुर्ची कुठलीही असो, आमच्या तळघरातली डुगडुगणारी लाकडी किंवा त्यांच्या दिवाणखान्यातली गुबगुबीत मखमली, त्यांची पाठ आणि खुर्चीची पाठ यांच्यात कायम वीतभर अंतर असायचं. वय ऐंशीच्या घरात, गुडघे कामातून गेलेले, जिना उतरून आल्या की धाप लागायची. पण टेकायचं नाव नाही. पहिल्यांदा आल्या तेव्हा मी आपली उशी आणून त्यांच्या पाठीशी ठेवली. त्यांनी ती काढली, मांडीवर घेतली आणि तिच्यावरचा कशिदा निरखत बसल्या.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. पाहुणे म्हणून आली तरी पाणी घ्यायला स्वतः उठणारी, आजारी पडली तरी पांघरुणाच्या घड्या घालणारी. त्यांच्याकडे बघून आपल्याला दम लागतो. मला तर तेव्हा तसाही सारखा दम लागलेला असायचा.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात. अविनाश, माझा नवरा, युटामधल्या विद्यापीठात पीएच.डी. करत होता आणि मी त्याच्याबरोबर जाऊन त्याची पीएच.डी. संपायची वाट बघत होते. या बाईंच्या घराचं तळघर आम्ही भाड्यानं घेतलं होतं. वर त्या एकट्या, खाली आम्ही दोघं. खिडकी छताजवळ, जमिनीच्या पातळीवर, त्यामुळे जगातली माणसं मला घोट्यापर्यंतच दिसायची. त्यांचे तपकिरी बूट मी लांबून ओळखायला लागले होते.

त्या मॉर्मन होत्या. त्या गावात बहुतेक सगळेच मॉर्मन. त्यांच्यात बायका एकमेकींना सिस्टर म्हणतात. आता माझ्या आजीच्या वयाच्या बाईला मी ताई काय म्हणणार? मी सरळ आजी म्हणायला लागले. अर्थ सांगितला तेव्हा त्या म्हणाल्या, "नातवंडांची मोजदाद मी कधीच सोडलीय. त्यात तू एक." त्या बोलायच्या अर्थात इंग्रजीत. पण आता आठवताना मला त्यांचं बोलणं मराठीतच ऐकू येतं, आणि ते उलटं करत बसण्याचं त्राण माझ्यात नाही. तेव्हा ऐकू येतं तसंच लिहिते.

आमच्या खोलीच्या पलीकडे त्यांचं कोठार होतं. वर्षभर पुरेल इतकं धान्य घरात असावं, असा त्या लोकांचा रिवाज. फळ्यांवर पीचच्या फोडींच्या बरण्या, घेवडा, टोमॅटो, आणि खाली पत्र्याच्या मोठ्या डब्यांतून गहू. अख्खा गहू! अमेरिकेत आल्यापासून मी मैद्याच्या पोळ्या लाटून लाटून वैतागले होते, आणि भिंतीपलीकडे गव्हाची रास. एका मेजाला हाताने फिरवायची छोटी चक्कीसुद्धा स्क्रूने पक्की केलेली होती.

"या गव्हाचं करता काय?" मी विचारलं.

"ठेवतो," त्या म्हणाल्या.

"आणि मग?"

"मग जुना झाला की नवा ठेवतो."

मी चक्की फिरवली, कणीक भिजवली आणि गरम पोळी तूप लावून त्यांच्या हातात दिली. त्यांनी उभ्यानंच खाल्ली, मग आणखी एक खाल्ली. "माझी आजी हे धान्य सांभाळत म्हातारी झाली, माझी आई झाली, मी झाले," त्या म्हणाल्या. "हे एवढं चांगलं लागतं हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही." त्यानंतर दर आठवड्याला त्यांच्यासाठी पोळ्या वर जायच्या आणि वरून पीचची बरणी खाली यायची.

चहा-कॉफी त्यांच्या धर्मात वर्ज्य. माझा आल्याचा चहा उकळला की वास जिन्यातून वर जायचा, आणि नेमक्या तेव्हाच त्यांना खाली काही काम निघायचं. "वास घ्यायला बंदी नाही," असं त्या म्हणायच्या आणि माझा कप रिकामा होईपर्यंत समोर ताठ बसून राहायच्या. महिन्याच्या पहिल्या रविवारी त्यांचा उपास. मला वाटलं, चला, आपल्या एकादशीसारखं काहीतरी असेल. पण कसलं काय! साबुदाणा नाही, रताळं नाही, दाण्याचं कूटसुद्धा नाही. नुसता उपास. मला तो धर्म फारच कडक वाटला.

एकदा मी विचारलंच. "आजी, तुम्ही टेकत का नाही?"

"आजीनं सांगितलंय," त्या म्हणाल्या.

ही त्यांची आजी म्हणजे एक प्रकरणच होतं. अविनाश आणि मी आमच्यापुरतं तिला 'मोठी आजी' म्हणायचो. ती डेन्मार्कची. तिथे कुणी प्रचारक आले, त्यांचं ऐकून हिनं आणि हिच्या सुतार नवऱ्यानं हा नवा धर्म घेतला. हिच्या आईनं दार लावून घेतलं ते पुन्हा उघडलं नाही. मग बोट, मग आगगाडी, आणि आगगाडी संपली तिथून पुढे पायी. बैलगाडी परवडत नव्हती, म्हणून हातगाडी. हातगाडी म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर आमच्या मंडईतली केळीवाल्याची गाडी आली. मी तसं अविनाशला म्हटलं, तर तो म्हणाला, "अगं, तशीच असणार. फक्त केळ्यांच्या जागी संसार."

तर असा संसार ओढत ही माणसं महिनोन्‌महिने चालली. वाटेत बर्फानं गाठलं. संध्याकाळी थांबल्यावर जे दमून गाडीच्या चाकाला टेकले, ते सकाळी उठले नाहीत. मोठ्या आजीनं ते पाहिलं आणि नवऱ्याला, दोन्ही पोरांना दम भरला. बसा, पण टेकू नका. पुढे युटात पोहोचली, घर झालं, चूल झाली, खुर्च्या झाल्या, तरी तिनं तो नियम सोडला नाही. नातीला मांडीवर घेऊन बसायची तीही ताठच. नात तशीच शिकली.

मोठ्या आजीच्या नवऱ्यानं पुढे दुसरी बायको केली. तेव्हा त्यांच्यात चालायचं. मी जरा चाचरतच विचारलं, "तुमच्या आजीला वाईट नाही वाटलं?"

"ती म्हणायची, बरं झालं, धुणं वाटलं गेलं," आजी म्हणाल्या आणि खूप हसल्या. मग हसता हसता मांडीवरच्या उशीची झालर सारखी करत राहिल्या.

जुलैत त्यांचा सण असतो. पहिले लोक त्या खोऱ्यात येऊन पोहोचले तो दिवस. मोठी मिरवणूक निघते. दर वर्षी आजींची थोरली मुलगी त्यांना लांब झगा आणि कापडी टोपी चढवून एका सजवलेल्या ट्रकवर बसवायची. ही मुलगी पन्नाशीची, नेहमी उत्साहात, आवाज असा की लाउडस्पीकरची गरज नाही. तरी ती लाउडस्पीकर घ्यायची आणि सांगायची, "माझी पणजी हातगाडी ओढत इथे आली. एक हजार मैल ती गात गात आली!" लोक टाळ्या वाजवायचे. ट्रकवर आजी उन्हात ताठ बसलेल्या असायच्या. मीही फुटपाथवर उभी राहून टाळ्या वाजवल्या.

त्या दिवशी घरी आल्यावर वर न जाता त्या थेट खाली आमच्याकडे आल्या. टोपी तशीच डोक्यावर, चेहरा लाल झालेला. मी ताक दिलं. ते पिऊन झाल्यावर त्या म्हणाल्या, "ती गात नव्हती गं."

"कोण?"

"माझी आजी. ती गाणारी बाईच नव्हती. तिच्या अंगात बोलायचंसुद्धा त्राण उरलं नव्हतं. पण मुलीला सांगून काय उपयोग? लोकांना गाणं आवडतं."

आणि मग त्यांनी मला ते सांगितलं, जे लाउडस्पीकरवरून कधी सांगितलं जात नव्हतं. निघाली तेव्हा मोठी आजी पोटुशी होती. वाटेतच, माळावर, तिला मुलगी झाली. ती मुलगी थोडे दिवस जगली आणि गेली. एप्रनमध्ये गुंडाळून रस्त्याच्या कडेला पुरली, वर दगड रचले आणि सगळे पुढे निघाले. थांबायची सोय नव्हती.

"त्या मुलीचं नाव काय, ते कुणालाच माहीत नाही," आजी म्हणाल्या. "आमच्या घराण्याच्या कागदावर सगळ्यांची नावं आहेत. तिच्या जागी नुसतं 'मुलगी' लिहिलंय. आमची श्रद्धा अशी आहे, पोरी, की मेल्यावर घरातले सगळे पुन्हा एकत्र भेटतात. मी आता काही फार दिवसांची नाही. वर गेले की सगळ्यांना नावानं हाक मारीन. तिला काय म्हणून हाक मारू?"

मी आणखी ताक ओतलं.

दर बुधवारी त्या बसनं शहरातल्या मोठ्या ग्रंथालयात का जातात, ते मला त्या दिवशी कळलं. तिथे जगभरच्या जुन्या नोंदींच्या फिल्म ठेवलेल्या होत्या. अंधाऱ्या खोलीत यंत्रासमोर बसून आजी डेन्मार्कच्या चर्चमधल्या नोंदी, बोटींवरच्या याद्या, बरोबर चाललेल्या लोकांच्या दैनंदिन्या, एकेक चौकट सरकवत वाचायच्या. त्यासाठी साठी उलटल्यावर कामापुरतं डॅनिश शिकल्या होत्या. संध्याकाळी परत यायच्या त्या डोळे चोळत. तपकिरी बूट माझ्या खिडकीसमोरून हळूहळू जायचे. मी वर बघून विचारायची, "सापडलं?" त्या म्हणायच्या, "आज नाही." मुलगी चिडायची. "आई, पुरे झालं आता. तुझे डोळे जातील." त्यावर आजींचं ठरलेलं उत्तर होतं. "थकायला नंतर वेळ आहे."

त्याच उन्हाळ्यात मला दिवस गेलेले होते आणि त्याच उन्हाळ्याच्या शेवटी माझी आई गेली. दादाचा फोन आला. डॉक्टरांनी विमानात बसायला साफ मनाई केली होती, त्यामुळे जायचा प्रश्नच नव्हता. मी त्या तळघरात बसून राहिले. अविनाश बिचारा दोन दिवस डिपार्टमेंटला गेला नाही. आजींच्या चर्चमधल्या महिला मंडळाच्या बायका पदार्थ घेऊन आल्या. बटाट्याचं काहीतरी भाजलेलं, आणि किसलेलं गाजर घातलेली हिरवीगार गोड जेली. ती जेली बघून मला त्या परिस्थितीतही हसू आलं. आई असती तर म्हणाली असती, हे खायचं की याने भांडी घासायची?

बायका गेल्यावर आजी मागे थांबल्या. ताठ बसल्या आणि त्यांनी विचारलं, "तुझ्या आईचं नाव काय होतं?"

मला भडभडून आलं. त्या देशात माझ्या आईचं नाव कुणी विचारलंच नव्हतं. मी सांगितलं. सुमन. माहेरचं नाव सांगितलं, गाव सांगितलं, ती कुठल्या शाळेत शिकवायची तेही सांगितलं. आजींनी सगळं नीट ऐकून घेतलं.

आठवड्यानं त्या पुन्हा आल्या. म्हणाल्या, "तू हो म्हणालीस तर मी तुझ्या आईचं नाव आमच्या देवळात नेईन." मला आधी कळेना. मग त्यांनी समजावून सांगितलं. त्यांच्यात अशी पद्धत आहे की मेलेल्या माणसाच्या नावानं जिवंत माणूस देवळातल्या पाण्यात बुडी घेतो. मग त्या मेलेल्याला वाटलं तर त्याला परलोकात त्यांच्या धर्मात येता येतं.

मी अशी भडकले की बस. "माझ्या आईनं जन्मभर खंडोबाचं केलं. मेल्यावर तरी तिला तिच्या देवाकडे राहू द्या. तुमच्या रांगेत कशाला उभं करता?" आवाज चढला होता. अविनाश मोरीतून दाढीच्या फेसासकट बाहेर आला आणि म्हणाला, "अगं, हळू. लँडलेडी आहे आपली."

आजी ती उशी मांडीवर दाबून बसल्या होत्या. "जबरदस्ती नसते," त्या हळूच म्हणाल्या. "तिथे विचारतात. तिला नाही म्हणता येतं."

"ती नाहीच म्हणेल! ती जिवंतपणीसुद्धा सगळ्यांना आधी नाहीच म्हणायची."

"मग तिचं माझ्या आजीशी छान जमेल," त्या म्हणाल्या, आणि उठल्या. दारात थांबल्या. "मला वाटलं, तू इथे एकटी, ती तिथे एकटी. कुणीतरी तिचं नाव घ्यावं. माझ्याकडे देण्यासारखं एवढंच होतं. नाव तुझं आहे, पोरी. मी नाही नेणार."

मग बरेच दिवस आम्ही जेवढ्यास तेवढं बोलत होतो. बूट खिडकीसमोरून जायचे, मी वर बघायची नाही. पोळ्या मात्र मी करून जिन्यात ठेवायची आणि रिकामी ताटली धुऊन पुसून परत यायची. रागावलेल्या माणसांनाही भूक लागतेच.

नोव्हेंबरात मला मुलगी झाली. हॉस्पिटलात नर्स कागद घेऊन आली. "नाव?" मी म्हटलं, "अजून ठेवलं नाही." "मग कधी ठेवणार?" "बाराव्या दिवशी." तिनं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मला वेडच लागलंय. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी एक अतिशय मऊ आवाजाची बाई माझ्या पलंगाशी येऊन बसली आणि विचारायला लागली, बाळ आवडलं ना, बाळाबद्दल मनात काही वाईट येतं का. नाव ठेवत नाही म्हणजे हिला मूल नकोय, असं त्यांना वाटलं होतं. मी बारसं म्हणजे काय ते सांगायला गेले आणि मध्येच रडायला लागले, कारण बारसं म्हटल्यावर आई आठवली. झालं! त्या बाईची खात्रीच पटली. शेवटी अविनाशनं दोन तास समजावलं तेव्हा आम्हाला घरी सोडलं.

घरी आलो तर खोलीत एक पाळणा ठेवलेला होता. जुना, जड लाकडाचा, कड हात लागून लागून गुळगुळीत झालेली. मोठ्या आजीच्या सुतार नवऱ्यानं युटात आल्यावर केलेला पहिला पाळणा. आजींनी जावयाकडून तो माळ्यावरून काढवून खाली आणवला होता. आणि आम्ही यायच्या आत त्या वर निघून गेल्या होत्या. मी बाळंतिणीच्या अंगानंच जिना चढून त्यांच्या दारात गेले आणि म्हटलं, "आजी, चहा करतेय. वास घ्यायला या."

बारसं करायचं तर आत्या हवी. बाळाच्या कानात नाव ती सांगते. आत्या कुठून आणायची? अविनाशची बहीण कोल्हापूरला. तो म्हणाला, "आजींनाच सांग ना. शी विल लव्ह इट, यार." मी त्यांना सगळं शिकवलं. वाकायचं, बाळाच्या कानाशी तोंड न्यायचं, कुर्रर्र करायचं आणि नाव सांगायचं. त्यांनी दोन दिवस कुर्रर्रची तालीम केली. वरून ऐकू यायचं.

बाराव्या दिवशी बाहेर बर्फ पडत होतं. विद्यापीठातली दोन मराठी कुटुंबं आली. पाळण्याला मी माझी जरीची साडी बांधली. खालून वरून बाळ घेतलं. आणि आजी, चांगला निळा झगा घालून, गुडघ्यांना शिव्या न देता खाली वाकल्या. कुर्रर्र केलं. मग बाळाच्या कानात म्हणाल्या, "सुमन."

नीट, स्पष्ट म्हणाल्या. मी पदर तोंडाला लावला.

सगळे जेवून गेले. अविनाश त्यांना सोडायला गाडी घेऊन गेला. आजी बसल्या, ताठ. पाळण्याला हलकेच झोका देत होत्या. म्हणाल्या, "इतके दिवस तू हिला काय म्हणत होतीस? वर सारखं ऐकू यायचं. चि... चि... असं काहीतरी."

"चिमणी," मी म्हटलं. "माझी आई म्हणायची. नाव ठेवेपर्यंत आमच्या घरातली सगळी बाळं चिमणीच असायची."

"ते नाव नाही?"

"छे. नाव आज ठेवलं ना. त्याआधी नाव नसतंच. बाळ नुकतं आलेलं असतं, जरा रुळू द्यायचं, मग नाव. मी चिमणी होते, दादाही चिमणीच होता."

आजी झोका द्यायच्या थांबल्या. मग म्हणाल्या, "मी तुला एक सांगितलं नव्हतं. मुलीलाही सांगितलं नाही. मी लहान असताना आजीला विचारलं होतं, त्या बाळाचं नाव काय होतं? ती कणीक मळत होती. मळता मळताच म्हणाली, नाव नव्हतं. मी फार थकले होते, नाव ठेवायचं राहून गेलं." त्यांनी पाळण्याची कड धरली. "मला ते कधी खरंच वाटलं नाही. आई आपल्या लेकराला नाव ठेवायचं विसरते का? म्हणून मी शोधत राहिले. कुठेतरी असेलच, कुणीतरी लिहून ठेवलं असेल, असं म्हणत राहिले. नसेलच तर मग माझ्या आजीनं त्या लेकराला काहीच दिलं नाही, नाव नसलेलंच पुरलं. हे घेऊन मी वर कशी जाऊ?"

त्या रडत नव्हत्या. पण त्या बाईच्या अंगावर ऐंशी वर्षांचा थकवा मी पहिल्यांदा पाहिला. मला काही शहाणपण सुचलं असं नाही. मी सहज विचारलं, "किती दिवसांची होती ती?"

"थोड्या. आठवडा, सव्वा आठवडा. नक्की कुणी सांगत नाही."

"मग तिचा बारावा दिवस आलाच नव्हता की," मी म्हटलं. "राहून कुठे गेलं, आजी? नाव ठेवायची वेळच आली नव्हती. आमच्याकडे असती तरी बिननावाचीच असती. तिला घरात सगळे चिमणीच म्हणाले असते."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग पाळण्यात पाहिलं. मुलगी मुठी मिटून झोपली होती.

"तिच्या आईनं तिला काहीतरी म्हटलंच असेल ना?" त्यांनी विचारलं. "वाटेत. चालताना."

"म्हटल्याशिवाय राहतं का कुणी? डॅनिशमध्ये काहीतरी म्हटलं असेल. मांजर, मासोळी, काहीही. त्या वयात नावाला कोण विचारतं?"

त्या 'चिमणी, चिमणी' असं दोनदा स्वतःशी म्हणाल्या. आता टेकतील, असं मला वाटलं. पण त्या उठल्या. खरकटी भांडी गोळा करायला लागल्या. मी म्हटलं, "राहू द्या हो, बसा जरा." तर म्हणाल्या, "थकायला नंतर वेळ आहे," आणि बाह्या वर केल्या.

नाव ठेवण्याआधीच गेलेल्या तान्ह्या बाळांबद्दल आपलं शास्त्र काही वेगळंच सांगतं, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण शास्त्र सांगायची ती वेळ नव्हती आणि माझ्यात तेवढा जोरही नव्हता.

पुढच्या बुधवारी बूट खिडकीसमोरून गेले नाहीत. त्याच्या पुढच्या बुधवारीही नाहीत. मी वर जाऊन बघितलं तर त्या सुमनसाठी तुकड्यांची गोधडी शिवत होत्या.

पुढे अविनाशला न्यू जर्सीत नोकरी लागली आणि आम्ही पार्सिपनीला आलो. निघताना त्यांनी चक्की मेजावरून सोडवून माझ्या सामानात घातली. "आमच्यात ती नुसती पडून होती," म्हणाल्या. पार्सिपनीत माझ्या घराच्या खिडक्या जमिनीपासून चांगल्या वर होत्या, माणसं पूर्ण दिसायची, पण ओळखीचं कुणी नव्हतं. मी नोकरी करू लागले. मुलगी शाळेत जाऊ लागली आणि मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर देऊ लागली. आजींचा फोन दर नोव्हेंबरात यायचा. सुमन फोनवर आली की त्या आधी कुर्रर्र करायच्या, मग बोलायच्या.

एका नोव्हेंबरात फोन आला तो थोरल्या मुलीचा. तोच खणखणीत आवाज, पण त्यातली हवा गेलेली. "आई गेली," ती म्हणाली. "स्वयंपाकघरात, खुर्चीत. मी दुपारी गेले तर बसलेली होती. आधी मला वाटलं झोप लागलीय. मग पाहिलं, तर ती टेकलेली होती." एवढं बोलून ती रडायला लागली. "आई कधी टेकायची नाही, तुला माहीत आहे ना?"

"माहीत आहे," मी म्हटलं.

थोड्या वेळानं ती सावरली. म्हणाली, "आणखी एक विचारायचं होतं. आईनं आमच्या पणजीच्या थडग्यावर एक ओळ नवीन कोरून घेतली होती. सगळ्या मुलांच्या नावांखाली, त्या वाटेत गेलेल्या मुलीसाठी. आम्हाला सांगितलंसुद्धा नाही. काल दफन झालं तेव्हा आम्ही पाहिलं. तिथे लिहिलंय, चिमणी." तिनं ते अडखळत उच्चारलं. "हे नाव आईला कुठल्या फिल्मवर सापडलं? आम्ही सगळ्या डॅनिश नावांत शोधतोय, कुठेच नाही. तुला काही बोलली होती का?"

खिडकीबाहेर सुमन शाळेच्या बसमधून उतरत होती. दप्तर एका खांद्यावर, बुटाची नाडी सुटलेली.

"हो," मी म्हटलं. "जुनं नाव आहे. अगदी लहान मुलींचं असतं."

"म्हणजे सापडलं होतं आईला?"

"सापडलं होतं," मी म्हटलं.